‘डेट’मधला ‘बी’ आला कुठून?

कर्ज या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहायचा डी-ई-बी-टी आणि वाचायचा ‘डेट’. हा ‘बी’ पूर्वी उच्चारत असत, पुढे तो झिजला, असं सर्रास सांगितलं जातं. घडलं ते उलट. इंग्रजी बोलण्यात हा ‘बी’ रुळलाच नाही. तो मागाहून लेखणीनं घुसवला.

मूळ लॅटिन क्रियापद ‘देबेरे’, म्हणजे देणं लागणं. त्यावरून ‘देबितुम’, अनेकवचनी ‘देबिता’. बोलताना मधला आघात नसलेला ‘इ’ गळाला, ‘ब’ थेट ‘त’ला भिडला आणि त्यातच विरला. सप्त, सत्त, सात ही वाट ठाऊक असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. जुन्या फ्रेंचमध्ये उरलं ते बिन‘बी’चं ‘देते’, आणि १३००च्या सुमारास इंग्रजीनं तेच उचललं.

मग लॅटिन जाणणाऱ्यांनी शब्दाचं कूळ दिसावं म्हणून ‘बी’ परत आणला. ‘सात’मध्ये ‘सप्त’चा ‘प’ लिहायचा, पण वाचायचा नाही, असाच हा प्रकार. १५९८ साली छापलेल्या एका इंग्रजी विनोदी नाटकातला पंतोजी, लोक ‘बी’ गाळून बोलतात म्हणून चिडतो. म्हणजे तेव्हाही लोक ‘डेट’च म्हणत होते. फ्रेंचांनीही मध्यंतरी हा ‘बी’ लिहिला, पण पुढे काढून टाकला. इंग्रजीनं तो ठेवला, हे चुकलंच. आपल्याकडे १९६२च्या नियमांनी केवळ व्युत्पत्तीपुरते उरलेले, न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले; तो निर्णय अधिक शहाणपणाचा.

शिवाय या दुरुस्तीत सुसूत्रता नव्हती. ‘रिसीट’मध्ये मुका ‘पी’ घातला, त्याच लॅटिन धातूच्या ‘डिसीट’मध्ये नाही. ‘फॉल्ट’मध्ये घातलेला ‘एल’ तर पुढे लोक उच्चारूही लागले. ‘आयलंड’मधला ‘एस’ निव्वळ चूक. तो शब्द लॅटिन कुळातलाच नाही.

‘बी’ खरा ऐकू येतो तो ‘डेबिट’मध्ये. हा शब्द पंधराव्या शतकात लॅटिनवरून घेतला, म्हणून झिजला नाही. ‘ड्यू’ आणि ‘ड्यूटी’ मात्र फ्रेंचमार्गे आले, त्यांच्या लेखनातही ‘बी’ नाही. कर्जाच्या हप्त्याच्या ‘ड्यू डेट’मधला ‘डेट’ वेगळा: तो लॅटिन ‘दाता’पासून, म्हणजे ‘दिलेली’, आपल्या ‘दत्त’चा दूरचा नातलग. देवनागरीत दोन्ही ‘डेट’ सारखेच दिसतात, तरी ‘डेब्ट फंड’ लिहू नये. ‘डेट फंड’च बरोबर, घोटाळा वाटला तर ‘कर्जरोखे फंड’ लिहावं.