अन्ननासाडी नियंत्रण व कंपोस्टीकरण (स्थानिक व्यवसायांतील)

उपाहारगृहे, बेकऱ्या, किराणा व भाजीपाल्याची दुकाने, केटरर आणि कार्यालयांची कँटीन यांसारख्या व्यवसायांत खाण्याजोगे अन्न वाया जाऊ न देणे व जे खाताच येत नाही ते कुजवून खत करणे, अशी ही दोन जोडकामे आहेत. त्यांची नावे एका दमात घेतली जातात, पण मोल सारखे नाही. अन्न पिकवायला लागलेले पाणी, इंधन आणि श्रम खतातून परत मिळत नाहीत. परत मिळतो तो थोडा सेंद्रिय अंश आणि काही पोषकद्रव्ये. त्यामुळे चांगले अन्न खड्ड्यात टाकून केलेले कंपोस्ट हे नुकसान थोडे कमी करते, भरून काढत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यात घरांचा वाटा ६० टक्के, खाद्यसेवा व्यवसायांचा २८ टक्के आणि किरकोळ विक्रीचा १२ टक्के होता. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतील १२.३ या लक्ष्यानुसार किरकोळ विक्री व ग्राहक पातळीवरील दरडोई नासाडी २०३० पर्यंत निम्म्यावर आणायची आहे.

नासाडी कमी करण्याची सुरुवात तराजूपासून होते. स्वयंपाकघरात तीन वेगळे डबे ठेवतात: साठवणीत खराब झालेला माल, कापताना-सोलताना निघालेला भाग आणि ताटात उरलेले उष्टे. रोज रात्री प्रत्येक डब्याचे वजन वहीत मांडतात. तिन्हींची कारणे वेगळी, म्हणून उपायही वेगळे. पहिला डबा जड भरत असेल तर खरेदी जास्त होते आहे किंवा नवा माल फळीवर पुढे आणि जुना मागे राहतो आहे. आधी आलेला माल आधी वापरणे आणि साठवणीच्या प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी लावणे हा त्यावरचा साधा उपाय. दुसरा डबा कापणाऱ्याचा हात आणि सुरीची धार यांबद्दल सांगतो. तिसऱ्यातून वाढपाचे प्रमाण कळते. नॉर्वेतील हॉटेलांत झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बुफेच्या ताटांचा आकार लहान केल्यावर नासाडी सुमारे २० टक्क्यांनी घटली. ग्राहकाला उपदेश न करता झालेली ही घट आहे, आणि म्हणूनच ती महत्त्वाची.

नासाडी कमी करण्याचा खर्च अंगावर पडत नाही. १७ देशांतील ७०० कंपन्यांच्या सुमारे १,२०० ठिकाणांचा आढावा २०१७ मध्ये घेण्यात आला. नासाडी कमी करण्यासाठी घातलेल्या पैशाच्या चौदापट किंवा त्याहून अधिक परतावा निम्म्या ठिकाणांना मिळाल्याचे त्यात दिसले.

तरीही उरलेले सुरक्षित अन्न माणसांच्या पोटी जावे. अन्नदानात वेळ आणि तापमान सांभाळावे लागते: गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर, थंड अन्न ५ अंशांच्या खाली. ग्राहकाच्या ताटातले उष्टे मात्र दान करता येत नाही. फ्रान्सने २०१६ च्या कायद्याने ४०० चौरस मीटरहून मोठ्या सुपरमार्केटांना दानासाठी संस्थांशी करार करणे बंधनकारक केले. अन्नदानाखालचा क्रम पशुखाद्य, मग बायोगॅस किंवा कंपोस्ट. कचराभूमी अगदी शेवटी, कारण तेथे हवेविना कुजणाऱ्या अन्नातून मिथेन निघतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची उष्णता अडवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आहे. दक्षिण कोरियाने २००५ पासून अन्नकचरा कचराभूमीत थेट टाकण्यास बंदी घातली. कचरा दळून गटारात सोडणे सोयीचे वाटते, पण त्यामुळे प्रश्न फक्त सांडपाण्याच्या नळात सरकतो.

कंपोस्टीकरणात हवेवर जगणारे जिवाणू व बुरशी सेंद्रिय पदार्थ कुजवतात. त्यांना एक भाग नायट्रोजनमागे २५ ते ३० भाग कार्बन लागतो. अन्नकचऱ्यात नायट्रोजन व पाणी जास्त असल्याने नुसत्या ओल्या कचऱ्याचा ढीग चिकट होतो, त्यात हवा शिरत नाही आणि दुर्गंधी सुटते. व्यवसायांतले अनेक खतप्रकल्प येथेच बंद पडतात. उपाय म्हणजे कार्बन देणारा कोरडा माल: पालापाचोळा, लाकडाचा भुसा, फाडलेला पुठ्ठा. प्रत्येक ओल्या थरावर त्याचा जाड थर हवा, आणि त्याचा साठा आधीच करून ठेवायला हवा. ओलावा ५० ते ६० टक्के असावा. मिश्रण मुठीत घट्ट दाबल्यावर गोळा बनावा, बोटांतून फार तर एखाददुसरा थेंब यावा. पाणी गळले तर भुसा घालतात, गोळा फुटला तर पाणी शिंपडतात. चांगल्या ढिगाचे तापमान काही दिवसांतच ५५ अंशांच्या वर जाते; ते तसेच सलग टिकले आणि ढीग उलटून बाहेरचा भागही आत आला, तर रोगजंतू व तणांचे बी मरते. थरांची व उलटणीची ही पद्धत ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२० च्या दशकात इंदूर येथे यशवंत वाड यांच्या साहाय्याने शास्त्रीय पायावर मांडली.

मांस, हाडे व तेलकट पदार्थ लहान ढिगात टाळतात. खरा त्रास बारीक वस्तूंचा असतो: फळांवरचे स्टिकर, रबर, चहाच्या पिशव्यांची प्लास्टिक जाळी. त्या खतातून वेचून काढणे जवळजवळ अशक्य, म्हणून वर्गीकरण कापण्याच्या ओट्यावरच व्हावे. ‘कंपोस्टयोग्य’ छापलेले पेले-चमचेही बहुधा मोठ्या प्रकल्पातील दीर्घ उष्णतेतच कुजतात, छोट्या ढिगात तसेच राहतात.

चोवीस तासांत खत देण्याचा दावा करणाऱ्या यंत्रांबद्दल सावध राहावे. अशी अनेक यंत्रे कचरा तापवून वाळवतात व दळतात. तो भुगा पुन्हा ओला झाला की कुजू लागतो. झाडांना घालण्यापूर्वी त्याला, आणि ढिगातील खतालाही, आणखी काही आठवडे मुरू द्यावे लागते. तयार खत गडद, भुसभुशीत व मातीच्या वासाचे असते. शंका असल्यास ओलसर खत पिशवीत बंद करून काही दिवसांनी हुंगतात. आंबट किंवा अमोनियाचा वास आला तर ते कच्चे आहे. लवकर उगवणारे बी थोड्या खतात व थोड्या मातीत वेगवेगळे पेरून अंकुरांची तुलना करणे ही आणखी एक पक्की परीक्षा. मिठाचे, शिजवलेले अन्न जास्त असेल तर खतातली क्षारता वाढते. असे खत मातीत कमी प्रमाणात मिसळतात, कुंडीत नुसते वापरत नाहीत.