मिश्र संगणक प्रणाली

एकाच कार्यालयात किंवा कारखान्यात विंडोज, लिनक्स, मॅक अशा निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टिमचे संगणक एका नेटवर्कवर चालवण्याची व्यवस्था. ती सहसा कोणी ठरवून करत नाही. खरेदी होत जाते तशी साचत जाते. हिशेबाला टॅली हवे म्हणून विंडोज, डीटीपीच्या टेबलावर मॅक, फाइली ठेवायला लिनक्सचा सर्व्हर.

बेळगावच्या उद्यमबागेसारख्या फौंड्री आणि मशीन शॉपच्या वसाहतीत या मिश्रणाला वयाचीही बाजू असते. संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारे सीएनसी यंत्र वीस-पंचवीस वर्षे सहज चालते, त्याला जोडलेल्या संगणकाची सिस्टिम तेवढी टिकत नाही. विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीला दुरुस्त्या पुरवणे मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवले. एक्सपीला फाइल शेअरिंगची एसएमबी-१ ही जुनी पद्धतच कळते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस याच पद्धतीतल्या फटीतून पसरले. त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून नव्याने सिस्टिम टाकताना एसएमबी-१ सहसा आपोआप येईनाशी झाली, आणि नवे संगणक एक्सपीशी नेटवर्कवर बोलेनासे झाले. मग ड्रॉइंग विभागातला प्रोग्रॅम यंत्रापर्यंत पेन ड्राइव्हवर जातो, आणि त्याच ड्राइव्हवरून व्हायरसही. त्यापेक्षा मधे एक लिनक्सचा संगणक ठेवून एक्सपीला फक्त त्याच्याशीच बोलू द्यावे, हे बरे. हे काम सांबा करते. विंडोजच्या भाषेत फाइली वाटणारी ही मुक्त प्रणाली अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये सुरू केली. सगळ्यांची लॉगिन नावे आणि पासवर्ड एका ठिकाणी ठेवण्यासाठी विंडोज २००० पासूनची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी वापरतात. केर्बेरोस (ओळख पटवण्याची पद्धत) आणि एलडॅप (नावांच्या यादीत शोधण्याची पद्धत) यांमुळे लिनक्सही तिच्यात सामावते.

सीमाभागातली खरी डोकेदुखी मात्र लिपीची. इथे एकाच टेबलावर मराठी पत्र, कन्नड अर्ज आणि इंग्रजी बिल तयार होते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, येण्यापूर्वीच्या मराठी आणि कन्नड फॉन्टांत अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली होती. तो फॉन्ट नसलेल्या लिनक्सवर जुने पत्र उघडले की नुसता कचरा दिसतो. फॉन्ट टाकावा किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

युनिकोडनेही सगळे मिटले नाही. ‘कर्मचाऱ्यांचा पगार’ या फाइलनावातला ऱ दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब) असा फोडून. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइल व्यवस्था तो फोडून ठेवत असे. विंडोज आणि लिनक्स टंकले तसे राहू देतात. मॅकवर झिप केलेली फाइल लिनक्सच्या सर्व्हरवर उलगडली आणि तिथे तेच नाव जोडलेल्या ऱ ने आधीच असले, की एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी दिसतात आणि कोणती ताजी ते उघडल्याशिवाय कळत नाही. कन्नडमधल्या दीर्घ ईकाराचीही हीच गत. २०१७ मध्ये आलेल्या एपीएफएस या मॅकच्या नव्या फाइल व्यवस्थेने ही फोड थांबवली, पण जुन्या फाइली फोडलेल्याच राहिल्या. म्हणून बरेच जण फाइलीचे नाव रोमन लिपीत, तेही स्मॉल अक्षरांत ठेवतात. लिनक्सला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांची नावे वेगळी वाटतात, विंडोजला सहसा एकच.