लिफ्ट केलेली जीप थयथयाट का करते

गोव्यात जुनी जिप्सी किंवा नवी जिम्नी दारात आली की बऱ्याच जणांना पहिली हौस येते ती गाडी उंच करण्याची. समजण्यासारखं आहे. सत्तरी-सांग्यातल्या मातीच्या वाटा, पावसाळ्यात फुगलेले व्हाळ, चिऱ्याच्या खाणीकडे जाणारी उखडलेली चढण, अशा ठिकाणी पोटाखाली दोन इंच जास्त मोकळे असले तर बरंच. म्हणून लांब स्प्रिंगा, लांब शॉक आणि त्यावर जाड गोट्यांचे मड टायर बसतात. मग एक दिवस पणजीच्या अटल सेतूवर साठ-सत्तरच्या वेगात पुढचं चाक जोडपट्टीवर आदळतं आणि स्टिअरिंग डावी-उजवीकडे असं झटके मारू लागतं की धरवत नाही. वेग पार तीसवर उतरल्याशिवाय ते थांबत नाही. उतरून बघावं तर सगळं जागच्या जागी.

यानंतरची खरेदी ठरलेली असते: जाडजूड स्टिअरिंग डॅम्पर. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी घ्यायचा. डॅम्पर हलणं दाबतो, हलण्याचं कारण तसंच राहतं, आणि ढिला सांधा आतल्या आत झिजत जातो. लिफ्टमुळे काही तुटलेलं नसतं. सांध्यांत आधीपासून थोडा प्ले, म्हणजे सैलपणा, असतो, लिफ्टने कोन बदलतात आणि तो प्ले महागात पडू लागतो. त्यामुळे प्ले कुठे आहे ते हाताने शोधणं हेच खरं निदान.

पण त्याआधी गाडी नेमकी कशी हलते ते ओळखायला हवं, कारण ‘वॉबल’ या एका नावाखाली तीन वेगळ्या तक्रारी येतात. ठरावीक वेगाला स्टिअरिंग बारीक थरथरतं आणि वेग वाढवला की शांत होतं, तेव्हा चाकाचं बॅलन्सिंग बघा. गाडी सरळ रेषेत राहत नाही, सारखी सावरावी लागते, वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परतत नाही, तेव्हा कास्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा कल, कमी झालाय. आणि खड्डा किंवा जोडपट्टी लागल्यावर एकदम सुरू होऊन स्वतःच वाढत जाणारा थयथयाट, ज्याला ऑफरोडवाले डेथ वॉबल म्हणतात, ती शिमी.

शिमी समजायला विमानतळावरची ट्रॉली पुरे. तिचं पुढचं फिरतं चाक कधीकधी वेड्यासारखं फडफडतं. ते चाक कोणी हलवत नसतं, आपण ट्रॉली फक्त पुढे ढकलत असतो, आणि त्या ढकलण्यातलीच थोडी ऊर्जा चाक आडव्या हालचालीकडे वळवून घेतं. मोटारीत या चोरीला रबराची साथ मिळते. चाक वळलं की टायरचा आडवा जोर तत्काळ तयार होत नाही. रबर वाकायला टायरला थोडं अंतर पुढे लोळावं लागतं. त्यामुळे चाकाला सरळ करणारा जोर थोडा उशिरा पोचतो, चाक मधली रेषा ओलांडून पलीकडे गेलं तरी तो अजून त्याच दिशेला ढकलत असतो, आणि प्रत्येक हेलकाव्याला थोडी भर पडते. सांधे घट्ट असतील तर घर्षण ही भर खाऊन टाकतं. किंगपिन (चाक ज्या खुंटीभोवती वळतं ती) किंवा टाय रॉड एंड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचा टोकाचा सांधा) झिजला असेल तर चाकाला थोडं मोकळं रान मिळतं, आणि त्या मोकळ्या रानात अडवणारं कोणी नसतं.

१९२० च्या दशकात मोटारींना कमी हवेचे जाड बलून टायर आणि पुढच्या चाकांना ब्रेक आले, तेव्हापासून अभियंते या दुखण्याच्या मागे आहेत. विमानांच्या चाकांनाही ते जडलं. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या विद्यापीठात हान्स पाचेका यांनी १९६६ मध्ये डॉक्टरेट मिळवली ती याच विषयावर. टायरच्या वागण्याचं त्यांनी मांडलेलं गणित आजही वाहन उद्योगात वापरलं जातं.

जिप्सी, जिम्नी, जुन्या महिंद्रा जीप यांना हा त्रास जास्त, कारण पुढे अखंड अॅक्सल असतो. एक चाक जोडपट्टीवर चढलं की अख्खा अॅक्सल कलतो, म्हणजे दोन्ही फिरती चाकं एकाच वेळी एकाच बाजूला कलतात. फिरत्या वस्तूला एका अक्षाभोवती कलवलं की ती दुसऱ्या अक्षाभोवती वळायला बघते, भोवऱ्याचा तोच नियम. दोन्ही चाकं एकाच दिशेला वळू बघतात आणि स्टिअरिंगला धक्का बसतो. चाक जितकं जड आणि मोठं तितका धक्का जबर. जडत्व तर त्रिज्येच्या वर्गाने वाढतं. नवीन पिढीच्या थारमध्ये पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र टांगलेली असल्याने हा प्रकार सहसा होत नाही. तिथे लिफ्टची दुखणी वेगळी.

आता लिफ्ट नेमकं काय बदलते ते. समोरचं चाक ज्या अक्षावर वळतं तो वरच्या बाजूला किंचित मागे कललेला असतो. हाच कास्टर. तो अक्ष जमिनीला जिथे भिडतो, त्याच्या थोडं मागे टायरचा स्पर्श असतो, म्हणून चाक आपोआप सरळ होतं. जिम्नीत अॅक्सलला धरणारे दोन रेडियस आर्म असतात. समजा आर्म ७० सेंटीमीटर लांब आहे आणि गाडी ५ सेंटीमीटर उचलली, तर आर्म साधारण ४ अंश खाली झुकतो आणि अॅक्सलही तेवढाच फिरतो. म्हणजे कास्टरमधून ४ अंश वजा. ३४ सेंटीमीटर त्रिज्येच्या चाकात ४ अंशांना हे मागे राहणं सुमारे २४ मिलिमीटर असतं, २ अंशांना जेमतेम १२. पाट्याच्या स्प्रिंगांच्या गाडीत लांब शॅकल (स्प्रिंगचं टोक चॅसिसला जोडणारी कडी) घातला की स्प्रिंगचं एक टोक खाली जातं आणि अॅक्सल तसाच कलतो. तिथे पाचर घालून कास्टर परत आणतात, जिम्नीत कास्टर करेक्शनचे बुश (सांध्यात बसणाऱ्या रबरी नळ्या) घालून.

दुसरा बदल पॅनहार्ड रॉडचा. अॅक्सलला आडवा धरून ठेवणारा हा दांडा ठरावीक लांबीचा, एक टोक चॅसिसला, दुसरं अॅक्सलला. चॅसिस वर गेली की दांडा जास्त तिरका होतो आणि अॅक्सल एका बाजूला सरकतो. ९० सेंटीमीटरच्या दांड्याच्या दोन टोकांत १० सेंटीमीटरचा उतार होता आणि लिफ्टने तो १५ झाला, तर अॅक्सल ७ मिलिमीटर सरकला. सात मिलिमीटर सुसह्य आहेत. खरी गोम अशी की पॅनहार्ड आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) यांचा तिरकेपणा जवळजवळ सारखा असावा लागतो. कोणी फक्त पॅनहार्डचा ब्रॅकेट खाली आणला आणि ड्रॅग लिंक तशीच सोडली, की प्रत्येक उसळीला चाकं आपणहून वळतात.

निदानाची सुरुवात पाण्याच्या पाइपाने करा. जिपा चिखलातून आल्यावर रिमच्या आतल्या कडेला तांबडी माती वाळून बसते. पन्नास ग्रॅमचं ढेकूळ आणि ७० चा वेग घ्या: चाक सेकंदाला साधारण ९ फेऱ्या मारतं आणि ते ढेकूळ प्रत्येक फेरीला सुमारे ३ किलो वजनाइतक्या जोराने चाक ओढतं. अॅक्सलची स्वतःची उसळण्याची लयही दर सेकंदाला दहाच्या आसपास असते, म्हणून दोघांचं जमतं. रिम आतून धुवा. तरी थरथर राहिली तर पुढची चाकं मागे टाका; थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली गेली की दोषी टायर सापडला.

मग खरी परीक्षा. गाडी चारही चाकांवर जमिनीवर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडण्या, इंजिन चालू. एकाने स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे झपझप हलवायचं. दुसऱ्याने खाली वाकून एकेक सांधा मुठीत धरायचा: ड्रॅग लिंकचं टोक, टाय रॉड एंड, स्टिअरिंग बॉक्सचे चॅसिसवरचे बोल्ट, आणि सर्वात जास्त वेळ पॅनहार्डची दोन्ही टोकं. डोळ्याला दिसत नाही तो प्ले बोटांना ‘टक’ म्हणून लागतो. पॅनहार्डचा बोल्ट ढिला असेल तर वॉशरभोवती चंद्रकोरीसारखा घासून चकाकलेला लोखंडी पट्टा आणि बाहेर आलेली तांबूस भुकटी दिसते. आपल्याकडे सगळ्या गाडीवर मुळात तांबडीच धूळ, म्हणून आधी धुवून दोन दिवस गाडी चालवा आणि मग बघा. पुसल्यावर पुन्हा उगवते ती भुकटी गंजाची, मातीची नव्हे. बोल्टाचं भोक लंबगोल झालं असेल तर नुसतं आवळून काहीच होत नाही.

किंगपिनसाठी चाक जॅकवर उचलून, गाडीखाली स्टँड लावून, वर आणि खाली पकडून हलवा. हललं तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. हलणं बंद झालं तर व्हील बेअरिंग ढिली, तरीही हललं तर किंगपिन. जिप्सी आणि जिम्नीच्या नकलमध्ये (अॅक्सलच्या टोकाला चाकासोबत वळणाऱ्या भागात) किंगपिनला वर-खाली बेअरिंग असतात आणि बाहेरचं सील फाटलं की व्हाळाचं पाणी ग्रीससकट आत-बाहेर करतं. सील स्वस्त असतं. पावसाळ्याआधी बदललं तर बेअरिंग वाचतं.

लिफ्ट बसवताना होणारी एक चूक मात्र गॅरेजात कोणी बोलत नाही. गाडी गॅरेजच्या उचलयंत्रावर, चाकं लोंबकळत असतानाच बुशांचे बोल्ट कायमचे आवळतात. बुशाचं रबर आत आणि बाहेर लोखंडी नळीला चिकटलेलं असतं, त्यामुळे गाडी खाली आली की ते कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट हातानेच लावून गाडी जमिनीवर उतरवा, थोडी दाबून सोडा आणि मगच टॉर्क रेंचने आवळा.

वाटेत थयथयाट सुरू झालाच तर पाय अॅक्सिलरेटरवरून काढा, अंगठे स्टिअरिंगच्या आऱ्यांमधून बाहेर ठेवून ते घट्ट धरा, जोराने झुंजू नका आणि हळूहळू ब्रेक लावा.

सांधे घट्ट झाल्यावर अलाइनमेंटला जा आणि तिथे टोसोबत (दोन्ही पुढची चाकं पुढून किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत त्याचं माप) कास्टरचाही आकडा कागदावर छापून मागा. नुसता टो बघून सोडणारे पुष्कळ. हा आकडा कंपनीच्या मूळ मर्यादेत आणताना मात्र घाई नको. अॅक्सलचा वरचा भाग मागे फिरवला की डिफरन्शियलचं नाक खाली जातं, पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा सांधा जास्त वाकतो, आणि फोर-व्हीलमध्ये एक नवीच घरघर सुरू होते. त्यामुळे २ इंचांपर्यंत बहुतेक वेळा जमतं, ४ इंच उचललेल्या गाडीत अर्धा-एक अंश कास्टर सोडून द्यावा लागतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांना फारशी जागा देत नाही, तो विचार स्प्रिंगा मागवण्याआधीच करायचा.