नैराश्याच्या गोळ्यांचं व्यसन लागतं का?

"नैराश्याच्या गोळ्या एकदा सुरू केल्या की व्यसन लागतं, जन्मभर सुटत नाहीत," असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. भीती समजण्यासारखी आहे. गोळी अचानक बंद केली की अनेकांना खरोखर गरगरतं, झोप उडते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटतं.

पण व्यसनात तल्लफ येते, नशा चढते, मात्रा वाढवत न्यावीशी वाटते. नैराश्यावर नेहमी दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांनी सहसा यातलं काही होत नाही. त्या सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन पेशींत परत शोषलं जाणं रोखतात आणि मेंदू त्या बदलाशी हळूहळू जुळवून घेतो. म्हणून गुण यायला काही आठवडे लागतात आणि सोडतानाही डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. कृपा करून आपल्या मनाने बंद करू नका.

गल्लत बहुधा इथे होते: चिंतेसाठी किंवा झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलाम, डायझेपामसारख्या गोळ्यांची सवय खरंच लागू शकते. त्यांचा गटच वेगळा. तेव्हा पाकिटावर कंपनीने दिलेल्या नावासोबत छापलेलं औषधाचं मूळ नाव वाचा आणि डॉक्टरांना सरळ विचारा: ही कोणत्या गटातली, किती महिने घ्यायची, थांबवायची कशी?