घरी ईव्ही चार्जर बसवायचाय? आधी लाइटबिल हातात घ्या

ईव्ही म्हणजे विजेवरची गाडी बुक केली की शोरूमवाला सांगतो "सर चार्जर फ्री आहे, आमचा माणूस येऊन बसवून जाईल", आपण खुश. मग तो माणूस येतो, पार्किंगची भिंत ठोकून बघतो, मीटर कुठे आहेत विचारतो, टेप टाकतो आणि म्हणतो "सोसायटीची एनओसी लागेल, लोड पण वाढवावा लागेल, सगळं झालं की फोन करा". गाडी पुढच्या आठवड्यात दारात आणि चार्जर खोक्यात. माझं अगदी असंच झालं, दीड महिना मी ऑफिसजवळ चार्ज करून येत होतो. म्हणून म्हणतो, बुकिंगच्याही आधी लाइटबिल काढा, त्यात सगळं कळतं.

बिलावर तीन गोष्टी बघा. पहिली म्हणजे नाव. कनेक्शन अजून बिल्डरच्या किंवा वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्या, नाहीतर पुढचा प्रत्येक अर्ज तिथेच अडकतो. दुसरी, मंजूर भार (लोड), म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढायची परवानगी आहे ते. माझ्या बिलावर २ किलोवॅट होता, घरात मात्र दोन एसी आणि एक गीझर, म्हणजे इतकी वर्षं कुणी विचारलं नाही म्हणून चाललं होतं. तिसरी, फेज, सिंगल का थ्री.

आता गणित. साधा १५ अँपिअरचा सॉकेटवाला चार्जर म्हणजे साधारण ३.३ किलोवॅट. ३० युनिटची बॅटरी जवळजवळ रिकामी असेल तर रात्रभर, ९-१० तास लागतात. भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा बॉक्स हेच काम ४-५ तासात करतो पण ३२ अँपिअर ओढतो, आणि सिंगल फेजची मर्यादाच ४० अँपिअर धरतात, म्हणजे घराला उरले ८, त्यात गीझरसुद्धा लागणार नाही. त्यामुळे ७.२ घ्यायचा तर थ्री फेज तरी करा किंवा गाडीसाठी वेगळं कनेक्शन घ्या. ११ किलोवॅटचा थ्री फेजशिवाय चालतच नाही. माझं मत विचाराल तर रोज ४०-५० किलोमीटर फिरणाऱ्याला ३.३ भरपूर होतो, रात्री लावायची सकाळी काढायची, विनाकारण मोठ्या बॉक्सच्या मागे लागून लोक स्वतःचा ताप वाढवून घेतात. स्कूटरवाल्यांना तर बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही, चांगला सॉकेट आणि चांगलं अर्थिंग, बास.

लायसन्स लागतं का हे बरेच जण विचारतात. नाही लागत. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच सांगितलंय की चार्जिंग ही सेवा आहे, वीज विकणं नाही, त्यामुळे वीज कायदा २००३ खाली परवाना नको. १४ जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर स्पष्ट लिहिलंय की गाडीमालक घरी किंवा ऑफिसमध्ये आपल्या असलेल्याच कनेक्शनवर चार्ज करू शकतो. सप्टेंबर २०२४ मध्ये या सूचना नव्याने आल्या.

मीटर घरचा की वेगळा

इथे थोडा विचार करा कारण पुढची कित्येक वर्षं बिल यावर ठरणार. घरच्याच मीटरवर चार्ज केलं तर घरगुतीच दर लागतो, पण महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात, १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यावर. महिन्याला १२०० किलोमीटर धरले, युनिटला ७ किलोमीटर, वर चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणजे १७०-१९० युनिट गाडीचे. घराचे १८० असतील तर बेरीज ३५० च्या वर, म्हणजे शेवटचे ५०-७० युनिट महागड्या टप्प्यात गेले. उन्हाळ्यात एसी चालू असेल तर अजून जास्त. ईव्ही चार्जिंगसाठी वीज नियामक आयोगाने वेगळी वर्गवारी ठेवलीय, तिला हे टप्पे नाहीत पण स्थिर आकार (वापर असो नसो, दरमहा लागणारी रक्कम) वेगळा लागतो आणि दिवसाच्या वेळेप्रमाणे दर कमीजास्त होतो. आयोग दर बदलत असतो म्हणून आकडे इथे देत नाही, चालू दरपत्रक उघडून आपले युनिट टाकून बघा. माझं गणित असं निघालं की ज्यांचं घर मुळातच ३०० च्या आसपास आहे आणि गाडी भरपूर पळते त्यांना वेगळा मीटर परवडतो, दोन माणसांच्या घराला नाही.

वेगळा मीटर मागितला की वीज कंपनीच्या खिडकीवर कधीकधी ऐकू येतं "एका फ्लॅटला एकच कनेक्शन". आता हे चालत नाही. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत २२ फेब्रुवारी २०२४ ला जी दुरुस्ती झाली त्यात ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं असं थेट म्हटलंय. त्याच दुरुस्तीत नवीन कनेक्शनची मुदतही कमी केलीय, महानगरात ३ दिवस, बाकीच्या नगरपालिका हद्दीत ७ आणि ग्रामीण भागात १५ (डोंगराळ ग्रामीण भागाला ३०). अर्ज सगळ्या कागदांसकट पूर्ण असेल तरच हे दिवस मोजायला सुरुवात होते हं, एक कागद राहिला तरी घड्याळ बंद.

सोसायटी

खरी परीक्षा इथे. मुंबई शहरात बेस्ट, उपनगरात अदानी नाहीतर टाटा, भांडुप मुलुंडपासून पुढे महावितरण, वीज कुणाचीही असो, कमिटीचे प्रश्न तेच. आमच्या मीटिंगमध्ये चेअरमन काकांनी पहिलाच प्रश्न टाकला "म्हणजे तुझी गाडी आमच्या कॉमन मीटरवर चालणार का?" मी नाही म्हटलं, माझ्याच मीटरवरून केबल येणार. मग "आग लागली तर?" मग "उद्या दहा जणांनी मागितलं तर?" हा तिसरा प्रश्न खरा होता, बरं का, त्याला माझ्याकडेही उत्तर नव्हतं. दहा चार्जर झाले तर बिल्डिंगचा एकूण भार वाढतो, ट्रान्सफॉर्मरपर्यंत विषय जातो, तेव्हा एकेकाने केबल ओढण्यापेक्षा सोसायटीनेच एक ईव्ही कनेक्शन घेऊन कॉमन चार्जर लावणं शहाणपणाचं. पण पहिला माणूस दहाव्यासाठी थांबू शकत नाही ना.

भांडू नका, तोंडी पण मागू नका. मंत्रालयाच्या सूचना तुमच्या बाजूने असल्या तरी केबल ज्या भिंतीवरून डक्टमधून जाणार ती जागा सगळ्यांची आहे. पत्र द्या आणि त्यात पार्किंग नंबर, मीटर नंबर, केबलचा मार्ग (हाताने काढलेलं चित्र चालतं, मी वहीच्या पानावर काढलं होतं), केबल पाइपमधून जाणार, सेफ्टी स्विच कुठे बसणार, काम परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर करणार, खर्च माझा, भिंत खराब झाली तर दुरुस्ती माझी, हे सगळं लिहा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच नसेल तर ते पत्र दिलंच नाही असं समजा. आणि पार्किंग तुम्हाला रीतसर दिलेलं आहे याचा कागद शोधून ठेवा, उघड्या पार्किंगवाल्यांचं गाडं इथेच अडतं, "ती जागा तुझी कुठे, आळीपाळीने मिळते". कमिटी उत्तरच देत नसेल तर उपनिबंधक कार्यालयात लेखी तक्रार, पण तो शेवटचा उपाय, त्याच लोकांबरोबर गणपती बसवायचाय आपल्याला.

अर्ज आणि कागद

महावितरणचा अर्ज वेबसाइटवरून किंवा ॲपवरून होतो. भार वाढवायचा तर १२ आकडी ग्राहक क्रमांक टाकून भार बदलाचा अर्ज, वेगळा मीटर हवा तर नवीन कनेक्शनचा, त्यात वापराचा प्रकार ईव्ही चार्जिंग निवडा, घरगुती निवडलं की मग वर्गवारी बदलायला परत हेलपाटे. कागद म्हणाल तर ओळखीसाठी आधार किंवा पॅन, जागेसाठी मालमत्ता कराची पावती किंवा घरखरेदीच्या नोंदणीचा उतारा म्हणजे इंडेक्स २ (सोसायटीत शेअर सर्टिफिकेटची प्रत पण जोडा), चालू बिल, सोसायटीची एनओसी, पार्किंगचा कागद, आणि वायरिंग झाल्यावर कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट. गाडीचं आरसी किंवा बुकिंगची पावती जवळ ठेवा, मागितली तर द्यायला. भाडेकरू असाल तर घरमालकाचं संमतीपत्र आणि करार. जुनी थकबाकी शून्य करा, ४० रुपये बाकी म्हणून अर्ज थांबलेला मी पाहिलाय. पीडीएफ नावानिशी सेव्ह करा, "स्कॅन००१७" असल्या फाइली चुकून उलट्या जातात, माझ्याकडून कर पावतीच्या जागी लग्नपत्रिका गेली होती.

मग महावितरणचा माणूस पाहणीला येतो, कोटेशन येतं, त्यात जोडणीचा खर्च आणि सुरक्षा ठेव असते, ती ऑनलाइनच भरा आणि पावती ठेवा. कुणाच्या हातात रोख देऊ नका. आमच्याकडे "साहेबांना सांगून लवकर करून देतो" म्हणणारा एक जण दोनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा मी अर्ज क्रमांक दाखवला तेव्हा परत आला नाही. मुदत उलटली तर आधी १९१२ वर तक्रार आणि तक्रार क्रमांक, मग वीज कंपनीचा तक्रार कक्ष, ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल, अशी शिडी आहे.

सबसिडीची आशा धरून बसू नका. पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या ईव्ही योजनेत चार्जरसाठी २,००० कोटी ठेवलेत ते सार्वजनिक चार्जरसाठी, आपल्या भिंतीवरच्या बॉक्ससाठी नाहीत.

वायरिंगमध्ये कंजूषी नको

चार्जर हा तासन्‌तास पूर्ण लोडवर चालणारा प्रकार आहे, मिक्सरसारखा दोन मिनिटांचा नाही. नियमात प्रत्येक चार्जिंग पॉइंटला स्वतंत्र सर्किट, ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच), सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर वर आणि एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही असं आहे. खिडकीतून वायर सोडून तिसऱ्या मजल्यावरून स्कूटर चार्ज करणारे आमच्याकडे पण आहेत, वायरला हात लावून बघितलं तर चहाच्या कपासारखी गरम.

केबलची लांबी आधीच मोजा. गाडीची कंपनी केबल ठराविक मीटरपर्यंतच देते, पुढचे पैसे आपले. माझं मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत सरळ अंतर २६ मीटर होतं, पण डक्टमधून वळून ४० झालं. ३२ अँपिअरला ४० मीटरवर ६ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या केबलमध्ये जवळजवळ ८ व्होल्ट वाटेतच कमी होतात, १० ची घेतली तर ५ च्या आत. मी १० ची घेतली, खिशाला चटका बसला पण केबल थंड राहते. आणि अर्थिंग, अर्थिंग, अर्थिंग. कॉन्ट्रॅक्टरला मल्टीमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज दाखवायला सांगा, २-३ च्या वर असेल तर चार्जर लाल दिवा दाखवून बसेल आणि तुम्ही गाडीला शिव्या द्याल. जुन्या बिल्डिंगमध्ये बहुतेक नवा अर्थिंग पिट खणावा लागतो.

गावाकडे बंगला असेल तर सोसायटीची कटकट नाही, पण शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी लावू नका, मंजूर कामापेक्षा दुसऱ्या कामाला वीज वापरली की वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते.

चार्जर चालू झाल्या दिवशी मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, पहिल्या दोन बिलांशी ताडून बघा, वर्गवारी चुकली असेल तर तेव्हाच लक्षात येते. घर सोडताना बॉक्स चार स्क्रू काढून नेता येतो, केबल बहुतेक तिथेच राहते, आणि वेगळा मीटर घेतला असेल तर तो कायमस्वरूपी बंद करायचा अर्ज आठवणीने द्या, नाहीतर रिकाम्या पार्किंगचा स्थिर आकार चालू राहतो आणि ठेवही अडकते.