सिलिका की कार्बॉक्सिल? डीएनए पकडणारे दोन चुंबकी बीड्स

नमुन्यातून डीएनए वेगळा करणाऱ्या बीड्सच्या, म्हणजे सूक्ष्म चुंबकी कणांच्या, दोन्ही बाटल्या हलवल्या की आत तोच तपकिरी गढूळ द्रव दिसतो. कृतीही वरवर एकच: नमुन्यात मिसळा, ट्यूब चुंबकाला लावा, कण कडेला गोळा झाले की वरचा द्रव काढून टाका, इथेनॉलने धुवा आणि शेवटी थोड्या पाण्यात किंवा बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) डीएनए सोडवून घ्या. त्यामुळे सिलिकाचा (काचेसारख्या पदार्थाचा) थर असलेले बीड्स आणि कार्बॉक्सिल गट (आम्लधर्मी रासायनिक गट) असलेले बीड्स एकमेकांच्या जागी सहज चालतील, असं नव्याने शिकणाऱ्याला वाटतं. पण ही दोन वेगळी रसायनं आहेत.

चुंबकाचा भाग मात्र खरोखर सारखा आहे. कणांत लोहाच्या ऑक्साइडचे काही नॅनोमीटरचे स्फटिक असतात. ते इतके लहान, की चुंबक जवळ असेपर्यंतच चुंबकत्व दाखवतात. तो दूर केला की कण एकमेकांना चिकटून न राहता पुन्हा द्रवात पसरतात. चुंबकाचं काम एवढंच. कोणता रेणू पकडायचा हे कणाचा पृष्ठभाग आणि त्याच्याभोवतीचा द्रव मिळून ठरवतात.

आता खरी अडचण पाहा. डीएनएवर ऋण भार असतो. सिलिकावरही ऋण भार, कार्बॉक्सिलवरही ऋण भार. नुसत्या पाण्यात दोन्ही बीड्सनी डीएनएला दूर लोटायला हवं, आणि ते लोटतातही. शेवटी पाण्यात डीएनए सुटून येतो तो यामुळेच. मग आधी चिकटतो कसा?

सिलिकाच्या बाबतीत उत्तर ग्वानिडिनियमच्या क्षारात आहे. १९९० साली विलेम बूम आणि सहकाऱ्यांनी ग्वानिडिनियम थायोसायनेट आणि सिलिकाचे कण वापरून रक्तरस आणि मूत्रातून न्यूक्लिइक आम्लं वेगळी करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हा क्षार तीव्र प्रमाणात असला की पेशी फुटतात, प्रथिनं उलगडतात, आरएनए कापणारी विकरं निकामी होतात आणि डीएनए व सिलिकाभोवतीचं पाण्याचं आवरण सुटतं. आवरण गेलं की दोन्ही एकमेकांना धरतात. रक्त, घशातला स्वॅब, ऊती असा कच्चा नमुना असेल तर सिलिका योग्य ठरते ती याच कारणाने: पेशी फोडणं आणि डीएनए पकडणं एकाच क्षाराच्या जोरावर होतं.

कार्बॉक्सिल बीड्सची गंमत त्यांच्या द्रवात आहे, आणि मला ही पद्धत अतिशय देखणी वाटते. बाटलीतला द्रव म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल (पीईजी) आणि साधं मीठ, सोडियम क्लोराइड. मीठ भारांचं परस्परांना लोटणं दाबतं. पीईजीच्या लांब साखळ्या द्रवातली जागा अडवून बसतात आणि डीएनएला विरघळून राहायला वाव उरत नाही. तो आकसतो आणि बीड्सवर येऊन बसतो. लांब तुकडे कमी पीईजीतही बसतात, आखूड तुकड्यांना जास्त लागतं. म्हणून इथे प्रमाणाला एवढं महत्त्व. नमुन्याच्या १.८ पट बीड्सचा द्रव घातला तर साधारण १०० बेसपेअरपेक्षा (बेसपेअर हे डीएनएच्या लांबीचं एकक) मोठे तुकडे टिकतात आणि प्रायमर, म्हणजे डीएनएच्या प्रती बनवताना वापरलेले अगदी आखूड तुकडे, वाहून जातात. प्रमाण ०.८ पटीवर आणलं की त्याहून बरेच मोठे तुकडेही धुतले जातात. आधी कमी प्रमाणात मोठे तुकडे बीड्सवर घेऊन बाजूला काढायचे आणि वरच्या द्रवात आणखी बीड्स घालून मधल्या लांबीचे पकडायचे, असंही करता येतं. सिक्वेन्सिंगची लायब्ररी, म्हणजे डीएनएचा क्रम वाचण्यासाठीचा तुकड्यांचा संच, बनवताना हे नेहमी लागतं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: जास्त कण घातले, म्हणून अधिक आखूड लांबीचे तुकडेही पकडले जातात. कणांची संख्या ठरवते ती किती डीएनए मावेल एवढंच. किती लांबीचा बसेल हे पीईजी आणि मिठाच्या तीव्रतेवर आहे. पीईजी दाट असल्यामुळे पिपेटच्या टोकाला बाहेरून चिकटलेला थेंबही प्रमाण बिघडवतो. म्हणून बाटली खोलीच्या तापमानाला आणावी, नीट हलवावी आणि द्रव सावकाश ओढावा. नमुन्यातलं पाणी उडून तो कमी झाला असेल तर आधी त्याचं आकारमान पुन्हा मोजावं. सिलिकाच्या पद्धतीत लांबीची इतकी बारीक निवड सहसा होत नाही.

धुण्यातही दोघांच्या चिंता वेगळ्या. सिलिकात ग्वानिडिनियम मागे राहिलं तर पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) अडतो. डीएनए मोजताना २३० नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण वाढलेलं दिसलं तर पहिला संशय त्याच्यावर घ्यावा. कार्बॉक्सिलमध्ये बीड्स भेगा पडेपर्यंत वाळवू नयेत, नाहीतर डीएनए, विशेषतः लांब तुकडे, नीट सुटत नाहीत. आणि सिलिकाच्या कामातला टाकाऊ द्रव ब्लीचमध्ये कधीही ओतू नये. ग्वानिडिनियम थायोसायनेट आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वायू तयार होतात. कार्बॉक्सिलची सवय असलेला माणूस सिलिकाकडे वळला, की नेमकं हेच त्याला कोणीतरी आधी सांगावं लागतं.