वशिंडामागचे आठ सेकंद

टेक्सासमधल्या लहान गावात बुल रायडिंगची, म्हणजे उसळत्या वळूच्या पाठीवर आठ सेकंद टिकून राहण्याची, स्पर्धा असली की मी तासभर आधीच पोचतो. जागा धरायची म्हणून नाही. पायऱ्यापायऱ्यांची अॅल्युमिनियमची बाकं कुठूनही सारखीच दिसतात. मला मैदानाच्या मागच्या बाजूला जायचं असतं, जिथे लोखंडी नळ्यांच्या कप्प्यांत वळू उभे असतात. मोठ्या शहरातल्या स्टेडियममध्ये प्रेक्षकाला तिथे फिरकू देत नाहीत. गावात मात्र कुंपणाला टेकून उभं राहता येतं. आतला वळू रवंथ करत असतो, शेपटीने माश्या वारत असतो आणि आपल्याकडे अजिबात लक्ष देत नाही. भुरा रंग, लांब लोंबते कान, गळ्याखाली सैल पोळी आणि खांद्यावर वशिंड. ते वशिंड पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी तिथून बराच वेळ हललो नव्हतो, कारण युरोपातून अमेरिकेत आलेल्या गुरांना वशिंड नसतं. हे कुठून आलं, याचा शोध घेता घेता या खेळाचा अर्धा इतिहास हाताला लागला.

आधी एका शब्दाबद्दल. मराठीत या खेळाला कुणी ‘बैलावरची स्वारी’ म्हणतात, पण इथलं जनावर खच्ची केलेलं नसतं. तो वळूच असतो. इंग्रजीतही या दोहोंना वेगळे शब्द आहेत आणि खेळाच्या इतिहासात हा फरक फार मोठा ठरला.

मूळ मेक्सिकोत आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तिथे गुरं आणि घोडे नेले, आणि ती राखणाऱ्या गुराख्याला ‘वाकेरो’ म्हणू लागले. ‘वाका’ म्हणजे गाय. ‘रोदेओ’ (इंग्रजीत रोडिओ) हा शब्द वेढणे या अर्थाच्या क्रियापदातून आला: रानात पांगलेली गुरं घेरून एका जागी आणायची, तो रोदेओ. अशी गुरं जमली, कामं उरकली की गुराख्यांची आपसात ईर्षा लागायची. त्यातून ‘चार्रेआदा’ आणि ‘हारिपेओ’ हे मेक्सिकन खेळ उभे राहिले. चार्रेआदात वळूवर बसणाऱ्याला घड्याळ नाही. वळू उड्या मारायचा थांबेपर्यंत बसून राहायचं. आठ सेकंदांची मर्यादा आली ती सीमेच्या उत्तरेला.

उत्तरेला, म्हणजे टेक्सासात, अमेरिकी यादवी युद्धानंतर गुरांचे प्रचंड कळप कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनांपर्यंत पायी हाकत नेले जात. हे काम करणाऱ्यांत मेक्सिकन होते, गुलामगिरीतून नुकतेच सुटलेले कृष्णवर्णीय होते, गोरी पोरंही होती. पुढे १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन यांनी काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि मोकळ्या माळाला कुंपणं पडू लागली. रेल्वेही टेक्सासात आत शिरली. दोन-तीन महिन्यांच्या त्या वाटचालीची गरज उरली नाही. पण अंगात मुरलेलं कसब कुठे जाणार? ४ जुलै १८८३ ला टेक्सासमधल्या पेकोस गावात रँचवरच्या, म्हणजे गुरं पाळण्याच्या मोठ्या मळ्यांवरच्या, गड्यांनी ते लोकांसमोर मांडलं. ४ जुलै १८८८ ला अॅरिझोनातल्या प्रेस्कॉटने तिकीट लावून, बक्षिसं ठेवून स्पर्धा घेतली. अशा स्पर्धेलाच पुढे रोडिओ म्हणू लागले. पहिला रोडिओ कुणाचा, यावर ही दोन गावं आजही हक्क सांगतात. प्रेक्षक म्हणून मला त्या भांडणात रस नाही. महत्त्वाचं हे की दोन्हीकडे भर होता तो फास टाकून गुरं पकडण्यावर आणि बिथरलेल्या घोड्यावर टिकण्यावर. ही दोन्ही रोजची कामं होती. वळूच्या पाठीवर बसायची गरज मात्र कुठल्याच रँचवर कुणाला कधी पडली नाही. रोडिओतल्या बहुतेक प्रकारांच्या मागे एखादं काम आहे. वळूवर बसण्यामागे फक्त ‘बसून दाखव’ एवढंच आहे.

म्हणूनच तो उशिरा आला. सुरुवातीला पोरं खच्ची केलेल्या गुरांवर बसत, त्यात गंमतीचा भाग जास्त. १९२९ मध्ये रोडिओ भरवणाऱ्यांची संघटना स्थापन झाली आणि जगज्जेतेपदं मोजली जाऊ लागली, तेव्हा वळूवरच्या स्वारीलाही त्यांत जागा मिळाली. आणि याच सुमाराला वशिंडवाले मैदानात उतरू लागले.

हे वशिंडवाले भारतातले. अमेरिकेच्या दक्षिणेकडे युरोपीय वाणाची गुरं उन्हाने धापा टाकायची आणि गोचीडतापाने मरायची. तिथल्या पशुपालकांना उन्हाला आणि गोचिडांना दाद न देणारं जनावर हवं होतं. १८५४ मध्ये लुइझियानातले मळेवाले रिचर्ड बॅरो यांना ब्रिटिश सरकारकडून दोन भारतीय वळू भेट मिळाले. १९०६ मध्ये टेक्सासच्या पिअर्स रँचने थेट भारतातून गुरं मागवली. पुढे ब्राझीलमध्ये वाढलेली भारतीय वंशाची जनावरं मेक्सिकोमार्गे आली. १८५४ ते १९२६ या काळात आलेल्या एकूण जनावरांची नोंद आहे ती जेमतेम २६६ वळू आणि २२ गाईंची. एवढ्या थोड्या बियाण्यावर तिथल्या गाईंशी संकर करत एक नवी जात उभी राहिली. १९२४ मध्ये तिची पैदासकार संघटना झाली आणि जातीला नाव मिळालं ‘ब्राह्मन’.

या जातीत कोणकोणतं रक्त आहे? गुजरातची कांकरेज, आंध्रची ओंगोल (तिला परदेशात नेल्लोर म्हणतात), काठियावाडची गीर आणि कृष्णा व्हॅली. हे चौथं नाव वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं. कृष्णा व्हॅली म्हणजे आपल्या कृष्णाकाठची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांगलीच्या पटवर्धनांसारख्या दक्षिण मराठा संस्थानिकांनी काळ्या चिकट रानात नांगर ओढू शकेल असा दांडगा बैल हवा म्हणून गीर, ओंगोल, कांकरेज अशा जातींच्या संकरातून ती घडवली. ब्राह्मनमध्ये तिचा वाटा बाकीच्या तिघींपेक्षा कमी आहे, हे खरं. पण आहे. ट्रॅक्टर आल्यावर कृष्णाकाठी ही जात झपाट्याने घटली आणि आज ती फार थोड्या दावणींना उरली आहे. तिच्या रक्ताचा एक थेंब टेक्सासच्या मैदानात आठ-आठ सेकंद उसळतो. सांगली-मिरजेच्या माणसाने कधी इकडे आलं तर त्या कुंपणापाशी जरूर थांबावं.

वशिंडाच्या गुरांनी खेळ बदलला तो त्यांच्या अंगामुळे. कातडी सैल असते, त्यामुळे दोरी आवळली तरी स्वाराच्या मुठीखाली ती सरकत राहते. अंग लवचिक, पाय चपळ. आणि माणूस खाली पडल्यावर हे वळू निमूट निघून जात नाहीत, वळून अंगावर येतात. त्यामुळे पडलेल्या स्वाराला वाचवणारी माणसं मैदानात असणं भाग झालं. पूर्वी ती विदूषकाच्या वेषात असत, रंगवलेले चेहरे, ढगळ पँटी. आज बरेचजण साध्या खेळाडूच्या पोशाखात असतात. स्वार पडल्यावर जो माणूस स्वतः वळूच्या तोंडासमोर धावत जातो, त्याच्यासाठी मी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवतो.

पैशाची गोष्ट थोडक्यात. रोडिओत स्वाराला पगार नसतो. तो प्रवेश फी भरतो आणि जिंकला तरच कमावतो. १९३६ मध्ये बॉस्टन गार्डनमधल्या रोडिओत बक्षिसं इतकी तुटपुंजी होती की काउबॉयनी संप केला. प्रवेश फीची रक्कम बक्षिसात मिळवा, ही त्यांची मागणी होती. तिथून ‘काउबॉइज टर्टल असोसिएशन’ ही संघटना निघाली. कासव का, तर मान बाहेर काढायला आम्हाला उशीर लागला, म्हणून. तीच पुढे नावं बदलत आजची व्यावसायिक रोडिओ संघटना झाली. लहान गावात हे अर्थकारण अजून उघड दिसतं: फीचे पैसे, त्यात गावातल्या खतवाल्याने, गॅरेजवाल्याने घातलेली भर. जुलैच्या पहिल्या आठवड्यात गावोगाव स्पर्धा असतात, तेव्हा स्वार रात्रभर गाडी हाकत एका गावाहून दुसऱ्या गावी जातात. त्या आठवड्याला ते ‘काउबॉयचा नाताळ’ म्हणतात.

या खेळातली सगळ्यात मोठी नावं अशाच आडगावांतून आली. ओक्लाहोमातल्या हेन्रिएटाचे जिम शोल्डर्स सात वेळा बुल रायडिंगचे जगज्जेते झाले. टेक्सासातल्या क्रॉकेटचे मर्टिस डाइटमन १९६४ मध्ये राष्ट्रीय अंतिम फेरी गाठणारे पहिले कृष्णवर्णीय स्वार ठरले. शोल्डर्सना पुढे वळू पाळायचा नाद लागला आणि त्यांच्या ‘टॉर्नेडो’ने दोनशेहून जास्त स्वार पाडले. एकही टिकला नव्हता. १ डिसेंबर १९६७ ला ओक्लाहोमा सिटीत फ्रेकल्स ब्राउन त्याच्यावर बसले. वय ४६. या खेळात तिशी ओलांडलेला माणूस म्हातारा समजतात. आठ सेकंदांचा भोंगा झाला तेव्हा ब्राउन अजून टॉर्नेडोच्या पाठीवर होते.

याच ब्राउन यांच्याकडे ओक्लाहोमातला एक पोरगा शिकायला यायचा, लेन फ्रॉस्ट. १९८७ मध्ये तो जगज्जेता झाला. पुढच्या वर्षी त्याची गाठ ‘रेड रॉक’शी घालून दिली. व्यावसायिक स्पर्धांतल्या ३०९ स्वारांपैकी एकालाही न टिकू देणारा हा वळू. सात ठिकाणी सात स्वाऱ्या ठरल्या, त्यातल्या चार लेनने जिंकल्या, तीन रेड रॉकने. माणूस आणि वळू असे समोरासमोर, बरोबरीचे खेळाडू म्हणून उभे राहिले ते या सामन्यांत. ३० जुलै १९८९ ला वायोमिंगमधल्या शायेन इथे लेन पूर्ण आठ सेकंद बसला, खाली उतरला, चिखलात पडला आणि वळूने त्याच्या पाठीत शिंग मारलं. तो उठला, मदतीसाठी हात केला आणि कोसळला. तो पंचवीस वर्षांचा होता. ह्यूगो गावच्या दफनभूमीत फ्रेकल्स ब्राउन यांच्या शेजारी त्याला पुरलं.

आज गावातल्या कोवळ्या पोराच्याही अंगात जे जाड संरक्षक जाकीट दिसतं, ते त्या मरणातून आलं. लेनचा मित्र कोडी लँबर्ट याने घोड्याच्या शर्यतीतल्या जॉकींच्या जाकिटावरून ते बनवलं. हेल्मेट यायला आणखी वेळ लागला. हॅट काढायला जुने स्वार तयार नव्हते. १९९२ मध्ये वीस स्वारांनी प्रत्येकी हजार डॉलर घालून फक्त बुल रायडिंगची वेगळी संघटना काढली, पीबीआर. तिने १५ ऑक्टोबर १९९४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हेल्मेट सक्तीचं केलं. त्यामुळे काही वर्षं खोड्याजवळ हॅट आणि हेल्मेट शेजारी शेजारी दिसत राहिले. दिसलं की पोराचं वय कळायचं.

खोडा म्हणजे इथला ‘चूट’. गुरांच्या दवाखान्यातल्या खोड्यासारखाच, फक्त दार बाजूला उघडणारं. स्वार वरून उतरतो, दोरीला राळ चोळून ती तापवतो, हाताभोवती गुंडाळून मूठ ठोकून घट्ट करतो. दोरीला पोटाखाली घंटा असते. ती वाजण्यासाठी नाही, वजनासाठी. स्वार सुटला की दोरी आपोआप गळून पडावी म्हणून. स्वाराने मान हलवली की दार उघडतं. एक हात मोकळा, तो कुठे लागला की बाद. आठ सेकंद टिकला तर शंभरपैकी गुण: पन्नास स्वाराला, पन्नास वळूला. वळू नुसताच सरळ धावला तर उत्तम स्वाराचेही गुण घसरतात. म्हणून स्वार अवघड वळू मागतो. आणि म्हणूनच गेल्या काही दशकांत वळूंची वंशावळ, डीएनए नोंदणी, भ्रूणरोपण हा स्वतंत्र धंदा झाला आहे.

वळूच्या कुशीभोवती, मागच्या पायांच्या पुढे, एक सुती दोरी आवळतात. ती वृषणांना बांधतात असा समज आपल्याकडेही आहे, तसं नसतं. पण ती त्याला खुपते म्हणूनच तो लाथा झाडतो, हे नाकारण्यातही अर्थ नाही. ब्रिटनने १९३४ च्या कायद्याने रोडिओ जवळपास बंदच केला. बैलगाडा शर्यतीवर २०१४ ची बंदी आणि २०२३ चा निकाल पाहिलेल्या मराठी माणसाला हा वाद नवा नाही. मी माझ्यापुरतं एक करतो: ज्यांच्या वळूंच्या अंगावर वळ दिसतात किंवा जिथे विजेचा दांडका उगाच चालतो, तिथे पुन्हा जात नाही. मागच्या कुंपणाशी तासभर आधी जाण्याचं हेही एक कारण.

अंधार पडतो, दिवे लागतात, प्रार्थना होते, राष्ट्रगीत होतं. आधी चार-पाच वर्षांची पोरं मेंढ्यांवर बसतात आणि दोन पावलांत मातीत लोळतात. मग मोठी पोरं. परवा एक भुरा, लोंबत्या कानांचा वळू दारातून निघाला, डावीकडे दोन गिरक्या, मग एकदम उलट. स्वार तिसऱ्या सेकंदाला खाली. वाचवणाऱ्याने वळूला स्वतःकडे वळवलं, तोवर पोरगा कुंपणावर चढला होता. वळूने एकदा चहूकडे पाहिलं, शिंग हलवलं आणि कुणीही न हाकता आपल्या पायांनी बाहेरच्या दाराकडे चालू लागला. दार उघडंच होतं. दिव्याखालून जाताना त्याचं वशिंड एकदा डोललं, आणि निवेदकाने त्याचं नाव घेतलं.